पट घसरला म्हणजे शाळा घसरली का?

जून उजाडला, शाळा उघडल्या, की दोन प्रकारच्या बातम्या येतात. पहिली: अमुक तालुक्यात जिल्हा परिषदेच्या इतक्या शाळांचा पट वीसच्या आत. दुसरी: पाचवीच्या पोरांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. दोन्ही बातम्या एकाच पानावर असल्या की वाचणारा त्यांची गाठ मारून टाकतो. शिकवत नाहीत म्हणून पोरं गेली, पोरं गेली म्हणून शाळा बंद पडणार, असा हिशेब पारावर पाच मिनिटांत पुरा होतो.

मला हा हिशेब खटकतो. त्यात थोडं खरं आहे, पण मधल्या तीन-चार पायऱ्या गाळलेल्या आहेत आणि सगळी गंमत त्या पायऱ्यांतच आहे. पट किती आणि मुलांना येतं किती, या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्या मोजणारी माणसं वेगळी, मोजायची वेळ वेगळी. तरी त्या एकमेकींना ओढतात. कशा ओढतात ते नीट पाहू.

पट म्हणजे नेमकं काय?

हजेरीच्या पुस्तकात जितकी नावं, तितका पट. प्रत्यक्षात वर्गात किती मुलं बसली आहेत, ती उपस्थिती. पट २४ आणि उपस्थिती १७ असू शकते.

पटावर काय अवलंबून असतं? सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शिक्षक. दरवर्षी शिक्षण खातं प्रत्येक शाळेला तुमच्या पटाला इतके शिक्षक मंजूर असं कळवतं. याला संचमान्यता म्हणतात. त्याचा पाया २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी त्याचं कोष्टक सोपं आहे: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार.

आता एक उदाहरण घेऊ. तालुक्यापासून लांबच्या एखाद्या बाजारगावातली शाळा, पहिली ते पाचवी, पट ६२, शिक्षक तीन. मे महिन्यात दोन घरं कामासाठी पुण्याला गेली, तीन पोरांचे दाखले गेले. पट ५९. कोष्टकाप्रमाणे शिक्षक दोनच. तिसरे गुरुजी ‘अतिरिक्त’ ठरले आणि त्यांचं समायोजन दुसऱ्या शाळेत झालं. वर्ग मात्र पाचच राहिले. शिकवण्यात कुणी काही कमी केलेलं नाही, तरी पुढच्या वर्षी शिकवणं पातळ होणार हे तीन दाखल्यांनी ठरवून टाकलं.

ही मोजणी ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि ज्यांचं आधार जुळतं तीच मुलं धरली जातात. आधारवर नावाचं स्पेलिंग चुकलं, जन्मतारीख जुळली नाही, तर डोळ्यांसमोर बसलेलं पोर मोजणीत येत नाही. सप्टेंबरात मुख्याध्यापक आधार केंद्राच्या रांगेत का दिसतात, याचं उत्तर इथं आहे.

एसटीचं भारमान

ज्यांनी गावाकडे एसटीनं प्रवास केला आहे त्यांना भारमान हा शब्द माहीत असतो. गाडीत जागा किती आणि प्रवासी किती, त्याचं प्रमाण. संध्याकाळच्या फेरीचं भारमान कमी आलं की महामंडळ ती फेरी बंद करतं. संध्याकाळी परतायची सोय गेली म्हणून लोक सकाळच्या फेरीनंही जात नाहीत, वडापनं, म्हणजे खासगी जीपनं, जातात, कर्ज काढून दुचाकी घेतात. मग सकाळच्या फेरीचं भारमान पडतं. दोन वर्षांनी फाट्यावरचा थांबा नुसता सावलीला उरतो.

शाळेचं तसंच होतं. पट कमी झाला, शिक्षक कमी झाले. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता आल्या. पालकांच्या ते लक्षात आलं आणि ज्याला परवडतं त्यानं पोर खासगी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवलं. पट आणखी कमी. या चक्रात सुरुवात नेमकी कुठून झाली ते शोधायला गेलं, तर ती बऱ्याच वेळा शाळेच्या आवाराबाहेर सापडते.

पोरं गेली कुठे?

तीन वाटा आहेत.

पहिली, मुलं जन्मालाच कमी येत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला. म्हणजे एका बाईला सरासरी दोनसुद्धा मुलं नाहीत. लोकसंख्या जागच्या जागी राहायची तर हा आकडा २.१ लागतो. ज्या घरातून आजोबांच्या वेळी पाच पोरं शाळेत जायची, त्याच घरातून आता एक जातं. घर तेच, शाळा तीच, पट पाचवा हिस्सा.

दुसरी वाट पोटापाण्याची. २००१ ते २०११ या दहा वर्षांत अख्ख्या राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची कमी झाली. तिथल्या वाडीत आजी-आजोबा आहेत, नातवंडं मुंबई-ठाण्यात आहेत आणि गणपतीला पाच दिवस येतात. अशा वाडीतल्या शाळेनं कितीही मन लावून शिकवलं तरी पट वाढवायला पोरं आणायची कुठून?

मराठवाड्यात याचं दुसरं रूप दिसतं. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास फडावर जातात. पट मोजला ३० सप्टेंबरला, तेव्हा पोर वर्गात होतं. दोन महिन्यांनी ते शेकडो किलोमीटरवर कोपीत असतं. हंगामी वसतिगृहं आहेत, आजीजवळ राहणारीही असतात, पण सगळ्यांचं जमत नाही. कागदावर पट शाबूत आणि वर्गात अर्धी बाकं रिकामी, असा हा प्रकार. मार्चमध्ये त्याच पोराच्या वाचनावरून शाळेला गुण द्यायचे का, हा प्रश्न मला छळतो.

तिसरी वाट खासगी शाळेची, जिच्यावर सगळी चर्चा होते. ही वाट खरी आहे आणि रुंदही आहे. पण तिच्यावर एकाच दिशेनं चालणं नाही. ‘असर’ नावाचं एक मोठं सर्वेक्षण ‘प्रथम’ ही संस्था ग्रामीण भारतात करते. त्यात ६ ते १४ वयाची किती मुलं सरकारी शाळेत आहेत ते पाहिलं जातं. देशपातळीवर २०१८ मध्ये हे प्रमाण ६५.६ टक्के होतं, २०२२ मध्ये ७२.९ झालं आणि २०२४ मध्ये ६६.८ वर आलं. महाराष्ट्रातही २०२२ मध्ये चढ आणि २०२४ मध्ये उतार अशीच चाल दिसली. करोनात कामं गेली, फी भरणं जमेना, छोट्या खासगी शाळांना कुलपं लागली, म्हणून लोक परत आले. हात सैल झाल्यावर परत गेले. २०२२ चा आकडा धरून आजचा पाहिला तर सरकारी शाळा कोसळल्यासारखी वाटते. २०१८ चा धरला तर ती होती तिथेच आहे.

‘येतं किती’ हे कसं मोजतात?

पाचवीच्या पोरांना दुसरीचं वाचता येत नाही, हे वाक्य येतं ते बहुतेक ‘असर’मधूनच. ही चाचणी मला आवडते, कारण ती घरातल्या घरात कुणालाही करून पाहता येते. कार्यकर्ता शाळेत जाऊन परीक्षा घेत नाही. गावातली घरं निवडतो, ओसरीवर बसतो आणि एकेका मुलाच्या हातात एक कागद देतो. कागदावर चार पायऱ्या असतात: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल जिथपर्यंत सहज पोचतं, ती त्याची पातळी. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं. पाचवीचं असो की आठवीचं, सगळ्यांना हाच कागद.

देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के होती. करोनानंतर २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. म्हणजे पडझड भरून निघाली आणि वर थोडं कमावलं. तरीही शंभरातल्या शहात्तर-सत्त्याहत्तर मुलांना तिसरीत बसून दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सुधारणा झाली हे सांगणारा खोटं बोलत नाही आणि अवस्था काळजीची आहे हे सांगणाराही नाही.

आता मजा बघा. २०२२ मध्ये सरकारी शाळांचा पट वाढला आणि वाचन घसरलं. २०२४ मध्ये पट कमी झाला आणि वाचन सुधारलं. पट हाच गुणवत्तेचा पुरावा मानणाऱ्यांनी या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवाव्यात.

आठ मुलांच्या वर्गाचा निकाल

‘असर’चे आकडे देश, राज्य, जिल्हा यांच्यासाठी असतात. प्रत्येक जिल्ह्यात तीस गावं आणि प्रत्येक गावात वीस घरं घेतली जातात. त्यावरून तुमच्या गावच्या शाळेबद्दल काहीच सांगता येत नाही. मग लोक शाळेचा स्वतःचा निकाल बघतात आणि तिथं दुसरीच चूक होते.

तिसरीत आठ मुलं आहेत. गेल्या वर्षी सहा जण गोष्ट वाचत होते: ७५ टक्के. यंदा नवी आठ मुलं आली, त्यातलं एक फेब्रुवारीत कामावरच्या आईबापांबरोबर गेलं होतं, एकाला चष्मा हवा होता हे वर्षभर कुणाला कळलं नाही. चार जण वाचतात: ५० टक्के. ‘शाळेची गुणवत्ता २५ टक्क्यांनी घसरली’ असं छापून येऊ शकतं. घडलं काय? दोन मुलांची गोष्ट वेगळी झाली. छोट्या शाळेत एकेक मूल साडेबारा टक्क्यांचं असतं. म्हणून तिथं टक्केवारी न विचारता नावं घेऊन विचारावं: कोणतं मूल अडलंय आणि कुठे?

खासगीशी तुलना करतानाही जपावं लागतं. ग्रामीण भागात खासगी शाळेतली मुलं वाचनात सरासरीनं पुढे दिसतात, हे खरं. पण काळ्या जमिनीतली ज्वारी आणि मुरमाडातली ज्वारी शेजारी ठेवून कोणता शेतकरी हुशार हे कुणी ठरवत नाही. फी भरू शकणाऱ्या घरात आई शिकलेली असण्याची, घरात छापील कागद असण्याची, संध्याकाळी शिकवणी असण्याची शक्यता जास्त. घराघरांतला हा फरक वजा केला की दोन शाळांमधलं अंतर बरंच कमी होतं.

एका शिक्षकाची सकाळ

आकडे पुरे. एक शाळा सांगतो, वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. पहिली ते चौथी, पट १४. मंजूर शिक्षक दोन, पण एक बाई बदलून गेल्या त्याला सात महिने झाले होते. मी गेलो त्या दिवशी गुरुजी एकटेच होते.

खोली एकच. खिडकीशी पहिलीची तीन पोरं, पुढ्यात चिंचोके, दहा-दहाचे ढीग करायचं काम. भिंतीला टेकून दुसरीचे दोघं शब्दपट्ट्या जुळवत होते. तिसरीला फळ्याच्या डाव्या अर्ध्यात हातच्याची वजाबाकी, चौथीला उजव्या अर्ध्यात भागाकार. मधोमध खडूची उभी रेघ. गुरुजी पहिलीकडे वाकले की चौथीतली एक मुलगी उठून तिसरीच्या पोराची वही बघायची आणि ‘हातचा कुठाय रे?’ म्हणायची. पावणेअकराला फोन वाजला. केंद्रप्रमुखांना माहिती हवी होती, आजच्या आज, ठरावीक नमुन्यात. ते टाइप होईपर्यंत चिंचोके खेळायला गेले. अकराला पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा, नोंद करायची. मी तिथं होतो त्या दोन तासांत तिसरीच्या वाट्याला गुरुजी सलग किती आले म्हणाल, तर बारा मिनिटं. मी घड्याळ बघत होतो.

याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात: एका शिक्षकानं एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवणं. हा अपवाद राहिलेला नाही. ‘असर २०२४’ प्रमाणे देशातल्या निम्म्याहून जास्त सरकारी प्राथमिक शाळांत साठपेक्षा कमी मुलं आहेत. २०२४-२५ च्या यूडायस, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदीनुसार महाराष्ट्रात एकशिक्षकी शाळा ८,१५२ आहेत. बहुवर्ग पद्धत मुळात वाईट नाही. चौथीतली ती मुलगी शिकवता शिकवता पक्की होत होती. पण त्यासाठी वेगळं प्रशिक्षण, वेगळं साहित्य लागतं, आणि फोन शांत लागतो. आपण इयत्तावार पुस्तकं हातात देतो आणि एकाच माणसाला चार वर्ग सांभाळायला सांगतो.

‘पंधरा पोरांसाठी दोन पगार कशाला?’

हा प्रश्न सरकारी फायलीतही आहे. २०२३ मध्ये शिक्षण खात्यानं हिशेब मांडला, तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३ निघाल्या. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. सरासरी शाळेमागे साडेबारा मुलं. त्यातून ‘समूह शाळा’ ही कल्पना पुढे आली: आसपासच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी, सोयींची शाळा करायची आणि मुलांना गाडीनं आणायचं. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली. पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले. वीसच्या आतल्या शाळांतली पदं यामुळे जातील म्हणून शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या.

एकत्र करण्यात फायदा नाही असं मी म्हणणार नाही. वर्गाला एक शिक्षक मिळतो, कबड्डीचे दोन संघ होतात, मुलाला त्याच्या वयाचं दुसरं मूल भेटतं. वाशीम जिल्ह्यातल्या गणेशपूरच्या शाळेत २०२३ मध्ये एकच विद्यार्थी असल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या एका मुलासाठी शिक्षक रोज येत होते हे मोठंच आहे, पण खेळायला कुणी नाही ही त्या मुलाची अडचणही खरी.

पण हिशेबाची दुसरी बाजू कायद्यातच लिहिली आहे. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. सहा वर्षांचं पोर किती चालू शकतं, हे धरून ते अंतर ठरलं आहे. आषाढात ओढ्याला पाणी आलं की तीन किलोमीटर म्हणजे सुट्टी. गाडीचं बिल दोन महिने थकलं की गाडी बंद. आणि अशा वेळी घरी बसणाऱ्यांत मुली आधी असतात.

माझं मत स्पष्ट आहे. सहावी ते आठवी एकत्र करायला हरकत नाही. तिथं गणित-विज्ञानाला, भाषेला वेगळा शिक्षक लागतोच आणि मुलं सायकल चालवू शकतात. पहिली ते चौथी मात्र वस्तीजवळच राहू द्यावी. ती दोन पगार घेते हे खरं. पण लहान पोराला वाचायला शिकवण्याचं काम त्याच वयात, त्याच वाडीत होऊ शकतं.

‘मग इंग्रजीचं काय?’

पालक इथं अडतात आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. नोकरीला इंग्रजी लागतं हे त्यांनी सोसून पाहिलं आहे. फक्त इंग्रजी माध्यम आणि इंग्रजी विषय यांत गल्लत होते. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. पुष्कळ ठिकाणी सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून. गावाजवळच्या स्वस्तातल्या इंग्रजी शाळेत शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला इंग्रजीत सलग बोलता येतं का, हे एकदा वर्गाबाहेर उभं राहून ऐकावं. ज्या भाषेत मुलाला ‘मला नाही कळलं’ एवढंही सांगता येत नाही, त्या भाषेत त्याला हातचा शिकवणं अवघड जातं.

‘पट वाढवला की झालं का?’

नाही. पटावर पदं आणि अनुदान अवलंबून असलं की पट फुगवण्याचा मोह होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली गेली आणि लाखो नावं नुसती कागदावर असल्याचं निघालं. आजची आधारची कटकट त्याच घटनेतून आली आहे.

खरा पट वाढलेल्या शाळाही आहेत. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं उरली होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथं आले, गावानं हात लावला, आणि २०२५ मध्ये त्या शाळेला जागतिक पातळीवरचा ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार मिळाला. त्याच गुरुजींनी आधी शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी उभी केली होती. प्रत्येक वाडीला असे गुरुजी मिळणार नाहीत. तरी तिथं एक क्रम दिसतो: आधी मुलं शिकू लागली, ते गावाला दिसलं, आणि पट त्याच्या मागून आला.

गावानं काय बघायचं?

प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याप्रमाणे तिच्यात पाऊण हिस्सा पालक असतात आणि निम्म्या सदस्य बायका. बऱ्याच गावांत ही समिती सह्यांपुरती असते, पण तिला विचारायचा अधिकार आहे. ऑगस्टच्या बैठकीत आधार न जुळलेल्या मुलांची यादी मागायची, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत दुरुस्ती होते. मंजूर पदं किती, भरलेली किती, हे लेखी घ्यायचं. रिकाम्या पदासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे ठराव पाठवायचा. गुरुजींना शिकवण्याशिवाय किती दिवस दुसरी कामं लागली, हेही विचारायचं.

आणि एक काम आजच करण्यासारखं आहे. तुमच्या घरातलं किंवा शेजारचं तिसरी-चौथीतलं मूल जवळ बसवा. दुसरीच्या बालभारतीतली, त्यानं पाठ न केलेली एखादी गोष्ट पुढ्यात ठेवा. रागवू नका, घाई करू नका. ते कुठं थांबतं बघा: जोडाक्षरापाशी, लांब शब्दापाशी, की पहिल्याच ओळीत. त्या चौदा पोरांच्या शाळेत मी निघताना तिसरीतल्या एकाला असंच बसवलं. पहिली ओळ त्यानं बोट ठेवून वाचली, ‘म्हातारी’वर अडकला, परत मागे गेला, ‘म्हा’ वेगळा काढला, मग पूर्ण शब्द म्हणाला आणि पुढची सगळी गोष्ट बोट उचलून वाचत सुटला. गुरुजी दारात तांदळाची वही घेऊन उभे होते. म्हणाले, ‘दिवाळीच्या आधी हा अक्षरांवर होता. आणि बघा, याचंच आधार जुळत नाहीये.’